अँटवर्प : दगडात लिहिलेली खतावणी

हिऱ्यांच्या व्यवसायाशी नाते असलेल्या जैन घरांत युरोपातील एका शहराचे नाव लंडन-पॅरिसइतकेच सहज उच्चारले जाते. ते शहर म्हणजे बेल्जियममधील अँटवर्प. कोणाचा आतेभाऊ तेथे पेढीवर बसतो, कोणाची भाची लग्न होऊन तेथे स्थायिक झालेली असते. साहजिकच युरोपच्या सहलीत एक-दोन दिवस अँटवर्पसाठी राखले जातात. आप्तांच्या घरी जेवण होते, हिऱ्यांची गल्ली पाहून होते आणि मंडळी पुढच्या शहराकडे निघतात. असे घाईने परतणाऱ्यांच्या नजरेतून एक मोठी गोष्ट निसटते. अँटवर्पच्या इमारती म्हणजे पाचशे वर्षांचा हिशोब आहे. व्यापाऱ्यांच्या या शहराने आपली कमाई, आपले नुकसान, आपली उदारता आणि आपले दोषही दगड, वीट आणि लोखंडात नोंदवून ठेवले आहेत. जुन्या पेढीवरील खतावणीप्रमाणे तो हिशोब पानोपानी वाचता येतो. अट एवढीच, की जमेबरोबर नावे बाजूही वाचण्याची तयारी हवी.

सर्वांसाठी उघडा असलेला महाल

या खतावणीचे पहिले पान रेल्वे स्थानकावरच उघडते. ब्रुसेल्सहून निघालेली गाडी तासाभराच्या आत अँटवर्पच्या मध्यवर्ती स्थानकात शिरते. 1895 ते 1905 या काळात हे स्थानक उभे राहिले. फलाटांवरील लोखंड आणि काचेचे छत सुमारे 185 मीटर लांब व 44 मीटर उंच आहे. त्याचे काम अभियंता क्लेमेंट व्हॅन बोगार्ट यांचे. समोरची दगडी वास्तू लुई देलासेन्सेरी या वास्तुविशारदाने उभी केली. 75 मीटर उंचीचा घुमट, वीसहून अधिक प्रकारचे दगड व संगमरवर, रुंद जिने आणि त्या साऱ्यावर नजर ठेवणारे भव्य घड्याळ पाहून नवखा प्रवासी तिकीट खिशात ठेवायचेही विसरतो. येथील लोक या वास्तूला प्रेमाने 'रेल्वेचे कॅथेड्रल' म्हणतात.

एवढे वैभव राजासाठी राखलेले नाही. तिसऱ्या वर्गाचे तिकीट काढणारा मजूरही याच घुमटाखालून गाडीकडे जात असे. त्यामुळे पुढे या वास्तूवर जे संकट आले ते अधिक खटकते. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी छताची हानी झाली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वास्तू इतकी जीर्ण झाली, की ती पाडण्याचाही विचार झाला. अखेर 1986 मध्ये मोठी डागडुजी हाती घेण्यात आली. पुढे जुन्या वास्तूला धक्का न लावता तिच्या पोटाखाली आणखी दोन मजले खोदून नवे फलाट केले गेले आणि 2007 मध्ये आरपार जाणारा भुयारी मार्ग सुरू झाला. जुने पाडल्याविना नवे उभे राहत नाही, या समजुतीला हे सडेतोड उत्तर आहे.

असेच दुसरे उत्तर स्थानकाच्या आग्नेयेस, झुरेनबोर्ख या वस्तीत मिळते. तेथील कोगेल्स-ओसीलेई हा रस्ता एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आखला गेला. वेलींसारखी वळणे घेणारी लोखंडी जाळी, रंगीत काच, कुट्टिमचित्रे, कोठे ग्रीक खांब तर कोठे गॉथिक कमानी. एकाही घराचे तोंड दुसऱ्यासारखे नाही. जवळच्या एका चौकात जोस बास्कूर या वास्तुविशारदाची चार कोपऱ्यांवरची चार घरे आहेत. प्रत्येक घर एका ऋतूचे. 1960 च्या दशकात ही वस्ती पाडून तेथे कार्यालयांच्या इमारती उभारण्याचा घाट घातला गेला होता. कलावंत आणि रहिवासी विरोधात उभे राहिले आणि पुढे शासनाने या घरांना संरक्षण दिले. आज पर्यटक ज्या रस्त्याची छायाचित्रे काढतात, तो सामान्य नागरिकांच्या हट्टामुळे उरला आहे.

साध्या भिंतींआडचा बाजार

स्थानकाला लागूनच हिऱ्यांचा बाजार आहे. होफेनियर्सस्ट्राट आणि तिच्या आसपासच्या दोन-तीन गल्ल्यांत जगातील हिऱ्यांच्या व्यापाराचा मोठा भाग चालतो. येथे मात्र डोळे दिपवणारे काहीच नाही. राखाडी कार्यालये, पहारा, कॅमेरे आणि घाईने चालणारी माणसे, एवढेच दिसते. पहिला हिरे क्लब 1893 मध्ये स्थापन झाला आणि 1929 पर्यंत अशा संस्थांची संख्या चार झाली. दीर्घकाळ हा व्यवसाय प्रामुख्याने ज्यू कुटुंबांच्या हाती होता. 1960 च्या दशकापासून भारतीय व्यापारी आले. त्यांत गुजरातमधील पालनपूरच्या जैन कुटुंबांचा वाटा मोठा होता. प्रथम लहान आकाराचे, कमी नफ्याचे हिरे हाताळत, कौटुंबिक विश्वासाच्या बळावर त्यांनी आपले स्थान निर्माण केले. सौदा पक्का होताना हातात हात देऊन 'मझल उ ब्राखा' असे शुभचिंतन करण्याची ज्यू प्रथा आहे. आज धर्म कोणताही असो, भारतीय व्यापारीही तेच शब्द उच्चारतात. कागदाआधी शब्द पाळण्याची ही रीत आपल्या जुन्या पेढ्यांना परकी वाटणार नाही.

येथेच एक व्यावहारिक सूचना. बेल्जियमचे तळलेले बटाटे जगप्रसिद्ध आहेत, पण पारंपरिक पद्धतीत ते गाईबैलांच्या चरबीत तळले जातात. कंदमूळ वर्ज्य असणाऱ्यांचा प्रश्न आपोआप मिटतो. इतरांनी मात्र विचारल्याशिवाय हात लावू नये.

चार दारांचा बाजार

स्थानकापासून सरळ पश्चिमेकडे चालत गेले, की मेयर हा दुकानांनी गजबजलेला रस्ता लागतो. त्याच्या एका बाजूच्या लहानशा गल्लीतून आत वळले, की अचानक काचेच्या उंच छताखालचा विस्तीर्ण चौक समोर येतो. हाच अँटवर्पचा जुना व्यापारी विनिमय बाजार. 1531 मध्ये डॉमिनिकस दे वाखेमाकेरे या स्थपतीने मधे मोकळे अंगण आणि चहूबाजूंनी कोरीव खांबांच्या ओसऱ्या अशी त्याची रचना केली. केवळ विनिमयाच्या व्यवहारासाठी मुद्दाम बांधलेल्या आरंभीच्या वास्तूंत तिची गणना होते. सर्व राष्ट्रांच्या आणि सर्व भाषांच्या व्यापाऱ्यांच्या उपयोगासाठी हा बाजार आहे, असा लेख तेथे कोरलेला होता. टॉमस ग्रेशम या इंग्रज व्यापाऱ्याने लंडनचे रॉयल एक्स्चेंज उभारताना हाच नमुना डोळ्यांसमोर ठेवला.

या वास्तूला चार दिशांना चार दारे आहेत आणि चार बाजूंचे रस्ते थेट आत येऊन मिळतात. राणकपूरचे चौमुख मंदिर पाहिलेल्या यात्रेकरूला ही रचना चटकन ओळखीची वाटेल. अर्थात हेतू वेगळे आहेत. पण कोणत्याही दिशेने येणाऱ्याला सारखाच प्रवेश, हा विचार दोन्हीकडे स्थापत्यातच गुंफलेला आहे. बाजार दोनदा आगीत जळाला, 1583 मध्ये आणि 1858 मध्ये. आज दिसते ते लोखंड आणि काचेचे रूप 1872 चे, योसेफ शाडे यांचे. शेअर बाजार बंद झाल्यावर ही वास्तू कित्येक वर्षे कुलूपबंद होती. दुरुस्तीनंतर 2019 मध्ये ती पुन्हा लोकांसाठी खुली झाली.

त्या काळी या शहरात व्यापाराबरोबर हिशोबाची विद्याही बहरली. द्विनोंदी पद्धतीवरील यान इम्पिन यांचा डच ग्रंथ 1543 मध्ये येथेच प्रसिद्ध झाला. ग्रंथकर्ता तोपर्यंत निवर्तला होता. त्याच्या विधवा पत्नीने तो छापून घेतला. प्रत्येक जमेला तेवढ्याच रकमेची नावे नोंद हवी, हा धडा युरोपच्या या भागाला अँटवर्पने दिला. शहराचा ताळेबंद मांडताना तोच नियम लावणे न्याय्य ठरेल.

मेयर रस्त्याच्या टोकाला 'बूरेनटोरेन', म्हणजे शेतकऱ्यांचा मनोरा, उभा आहे. 1930 च्या दशकाच्या आरंभी पूर्ण झालेली ही इमारत युरोपातील पहिल्या गगनचुंबी इमारतींपैकी एक. शेतकऱ्यांच्या संघटनेशी निगडित बँकेने ती बांधली म्हणून हे नाव पडले. जागतिक मंदीत लवकरच ती बँक अडचणीत आली आणि अनेक छोट्या बचतदारांना झळ बसली. मनोरा मात्र उभा आहे. उंच इमारत म्हणजे सुरक्षित ठेव नव्हे, हे ज्यांना अनुभवाने कळले त्यांना या मनोऱ्याचा दगड अधिक बोलका वाटेल.

एक शिखर पूर्ण, एक अपूर्ण

मनोऱ्यापासून काही पावलांवर आपल्या मातेचे कॅथेड्रल आहे. 1352 मध्ये आरंभ झालेल्या या वास्तूचे उत्तरेकडील शिखर 1521 मध्ये पूर्ण झाले. त्याची उंची 123 मीटर. इतक्या उंचीवर दगड असा जाळीदार कोरला आहे, की ढगाळ दिवशी त्यातून आकाश झिरपताना दिसते. दक्षिणेकडील जोडशिखर मात्र अर्ध्यावरच थांबले. 1533 च्या आगीने आणि पुढच्या अस्थिर काळाने ते काम पुन्हा हाती घेऊच दिले नाही. आज या विषम जोडीकडे कोणी उणीव म्हणून पाहत नाही. तीच शहराची खूण झाली आहे. आत पीटर पॉल रुबेन्स या अँटवर्पच्या महान चित्रकाराची विशाल चित्रे आहेत. 1794 मध्ये फ्रेंच सैन्याने ती पॅरिसला नेली होती. नेपोलियनच्या पराभवानंतर ती परत आली.

हात फेकणाऱ्याचा पुतळा

कॅथेड्रलला लागून असलेल्या मुख्य चौकात नगरभवन आहे. कॉर्नेलिस फ्लोरिस दे व्ह्रिन्ट यांच्या नेतृत्वाखाली ते 1561 ते 1565 या काळात बांधले गेले. खाली भक्कम दगडी कमानी, वर ओळीने खिडक्या, मध्यभागी उत्तुंग त्रिकोणी दर्शनी भाग. ही वास्तू उभी राहिली तेव्हा अँटवर्पची लोकसंख्या एक लाखाच्या घरात होती आणि शहर वैभवाच्या शिखरावर होते. अवघ्या अकरा वर्षांत, 1576 मध्ये, पगार थकलेल्या स्पॅनिश सैनिकांनी शहर लुटले, हजारो नागरिक मारले आणि नगरभवन जाळले. नागरिकांनी ते पुन्हा उभारले. पण 1585 मध्ये शहर स्पेनच्या हाती गेले, शेल्डे नदीचा समुद्राकडचा मार्ग डचांनी अडवला आणि व्यापारी, छापखानेवाले, कारागीर अॅम्स्टरडॅमकडे निघून गेले. थोड्याच वर्षांत लोकसंख्या निम्म्याहूनही खाली आली. लक्ष्मी चंचल असते, या म्हणण्याला याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

नगरभवनासमोर 1887 मध्ये बसवलेले, येफ लाम्बो या शिल्पकाराचे ब्राबो कारंजे आहे. दंतकथा अशी. शेल्डेच्या काठी एक राक्षस राहत असे. येणाऱ्या-जाणाऱ्या नावांकडून तो जकात घेई आणि न देणाऱ्या नावाड्याचा हात तोडून टाकी. ब्राबो नावाच्या वीराने त्याला मारले, त्याचाच हात तोडून नदीत फेकला आणि त्यावरून शहराचे नाव पडले. भाषातज्ज्ञांना ही व्युत्पत्ती मान्य नाही. तरीही कथा लोकांच्या मनात घर करून आहे. जकातीची आठवण तर अगदी ताजी होती. नदीवरील डच जकात बेल्जियमने मोठी रक्कम मोजून कायमची उठवली, ती 1863 मध्ये. त्यानंतर बंदराची पुन्हा भरभराट झाली. शहरात आज हाताच्या आकाराची बिस्किटे आणि चॉकलेटे भेट म्हणून विकली जातात.

येथे खतावणीचे पान उलटून नावे बाजू पाहावी लागते. कारंजे बसवले गेले तेव्हा आफ्रिकेतील काँगो हा अवाढव्य प्रदेश बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खासगी मालकीत होता. 1885 ते 1908 या काळात तेथील लोकांकडून सक्तीने रबर गोळा करवले गेले. सैनिकांना प्रत्येक काडतुसाचा हिशोब द्यावा लागे आणि तो पुरावा म्हणून ते माणसांचे कापलेले हात सादर करत. ज्या शहराने राक्षसाच्या तावडीतून हात वाचवल्याची कथा चौकात उभी केली, त्याच शहराच्या धक्क्यावर ते रबर आणि हस्तिदंत उतरत होते. मध्यवर्ती स्थानकही त्याच राजाच्या कारकिर्दीतले.

हे उघडकीला आणण्यात एका कारकुनाचा मोठा वाटा होता. लिव्हरपूलच्या जहाज कंपनीत काम करणारा एडमंड मोरेल कामानिमित्त अँटवर्पला येत असे. त्याच्या ध्यानात आले, की काँगोहून येणारी जहाजे रबर आणि हस्तिदंताने भरलेली असतात, पण परत जाताना त्यांत प्रामुख्याने बंदुका, दारूगोळा आणि अधिकारी असतात. मालाच्या बदल्यात किंमत म्हणून काहीच जात नाही. मोबदल्याची नोंदच नसेल तर तो व्यापार नव्हे, गुलामी आहे, हे त्याने आकड्यांवरून ताडले. त्याने नोकरी सोडली, लेखणी हाती घेतली आणि 1904 मध्ये काँगो सुधारणेसाठी संघटना उभी केली. जनमताच्या दबावाने 1908 मध्ये राजाची खासगी सत्ता संपली. 2020 मध्ये अँटवर्पच्या एकेरेन उपनगरातील लिओपोल्डचा पुतळा निदर्शनांनंतर हलवण्यात आला. वहीतील न जुळणारी बाजू पाहून जो स्वस्थ बसत नाही, तोच खरा हिशोबनीस.

श्रम आणि सातत्य

मन विषण्ण झालेल्या प्रवाशाने चौकापासून पाच मिनिटांवरच्या प्लांटिन-मोरेटुस संग्रहालयात जावे. क्रिस्तोफ प्लांटिन याने 1555 मध्ये छापखाना सुरू केला आणि 1576 मध्ये तो या जागी आणला. वेलींनी वेढलेले शांत अंगण, भोवती घर, दुकान आणि कामाची दालने. राहणे, शिकणे आणि कमावणे एकाच छताखाली. येथे जगातील सर्वांत जुनी दोन मुद्रणयंत्रे आहेत, शिशाचे खिळे आहेत, मुद्रितशोधकांचे खिडकीजवळचे मेज आहे आणि पेढीच्या हिशोबवह्याही जतन केलेल्या आहेत. कंपास हे त्याचे बोधचिन्ह आणि 'श्रम व सातत्य' हे ब्रीद. कुटुंबाने तीनशे वर्षे सांभाळलेला हा ठेवा 1876 मध्ये शहराच्या स्वाधीन झाला. 2005 मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. आपल्या भट्टारकांनी आणि श्रावकांनी ताडपत्रांचे भांडार ज्या निष्ठेने राखले, त्याच जातीची ही निष्ठा आहे.

तेथून उत्तरेकडे, जुन्या गोद्यांच्या काठावर, 2011 मध्ये उघडलेले 'मास' हे संग्रहालय आहे. साठ मीटर उंचीच्या या मनोऱ्याच्या भिंतींना भारतातून आणलेला तांबडा वालुकाश्म लावला आहे आणि त्यावर तीन हजारांहून अधिक चकाकते धातूचे हात जडवले आहेत. सरकत्या जिन्यांनी गच्चीपर्यंत कोणालाही विनामूल्य जाता येते. उत्तरेला दूरवर झाहा हदीद यांनी 2016 मध्ये पूर्ण झालेल्या बंदर कार्यालयावर ठेवलेला काचेचा, पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखा आकार दिसतो. खाली जुन्या अग्निशमन केंद्राची वास्तू जशीच्या तशी ठेवली आहे.

आपले पान

या खतावणीत एक पान आपल्या समाजाचेही आहे. विल्राइक या उपनगरात पांढऱ्या संगमरवराचे जैन मंदिर आहे. दगड भारतात घडवले गेले, जहाजाने नेले गेले आणि 2010 मध्ये मंदिर दर्शनासाठी खुले झाले. करड्या आकाशाखाली, लाल विटांच्या घरांच्या शेजारी ते शिखर पाहताना कोणत्याही श्रावकाचा ऊर भरून येईल. परदेशी भूमीवर स्थिरावलेल्या पिढीने पहिली मोठी वास्तू स्वतःच्या सुखासाठी न बांधता जिनालय म्हणून बांधली, ही जमेची ठळक नोंद आहे.

पण जो नियम शहराला, तोच स्वतःला. हेमचंद्राचार्यांनी आणि पंडित आशाधरांनी श्रावकाचे गुण सांगताना न्यायाने मिळवलेल्या धनाला पहिले स्थान दिले आहे. दान त्यानंतर येते. हिरा कोणत्या खाणीतून आला, त्यासाठी कोणाचे रक्त सांडले का, हा प्रश्न म्हणूनच व्यापाऱ्याचा आहे, तसा तो मुलीच्या लग्नासाठी अंगठी घेणाऱ्या घराचाही आहे. बंडखोरांच्या युद्धांना पैसा पुरवणारे हिरे रोखण्यासाठी 2003 मध्ये किंबर्ली प्रमाणपत्राची पद्धत सुरू झाली. तिची व्याख्या मर्यादित आहे. खाणीतील इतर अन्याय तिच्या कक्षेत येत नाहीत. प्रमाणपत्र जेथे थांबते, तेथून पुढे श्रावकाचा विवेक सुरू व्हायला हवा.

अँटवर्पहून परतताना सोबत काय आणावे, असे अनेक जण विचारतात. चॉकलेट वितळते आणि हिरा तिजोरीत जातो. त्याऐवजी त्या चौकातल्या कारंजाची आठवण आणावी. पाचशे वर्षांत तेथे संपत्ती आली, गेली आणि पुन्हा आली. ती कमावणाऱ्या बहुतेकांची नावेही आज कोणाला ठाऊक नाहीत. राहिले ते सर्वांसाठी उघडे ठेवलेले दार, सांभाळलेली वही, आणि एका कारकुनाने वेळीच ओळखलेली चुकीची नोंद.